हवाईसुंदरीच्या हाती जंबो

‘एअरपोर्ट १९७५’ पाहिलेल्या माणसांशी या चित्रपटाबद्दल बोलायला बसलं, की कथा कुणी सांगत नाही. कुणाला गिटार वाजवणारी नन आठवते. कुणाला मूत्रपिंडाच्या प्रतीक्षेत असलेली, तरी सतत हसतमुख राहणारी ती आजारी मुलगी. कुणाला हेलिकॉप्टरच्या दोराला लोंबकळत, उडत्या जंबोला पडलेल्या भगदाडातून आत शिरणारे चार्ल्टन हेस्टन. आणि एक प्रश्न जवळजवळ सगळ्यांना आठवतो. वैमानिकाच्या जागी कोण बसलंय हे कळल्यावर विमान खरंच हवाईसुंदरी चालवतेय का, असं कुणीतरी हादरून विचारतं, तो प्रश्न. पन्नास वर्षं उलटून गेली तरी प्रेक्षक त्यावर हसतात. मात्र १९७४चा प्रेक्षक ज्याला हसला आणि आजचा प्रेक्षक ज्याला हसतो, त्या दोन गोष्टी एक नाहीत.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. नावात १९७५ असलं तरी चित्रपट अमेरिकेत आला ऑक्टोबर १९७४मध्ये. दिग्दर्शक जॅक स्माइट, निर्मिती युनिव्हर्सलची. कोलंबिया एअरलाइन्स या काल्पनिक कंपनीचं ४०९ क्रमांकाचं बोइंग ७४७ वॉशिंग्टनहून लॉस एंजेलिसला निघालेलं आहे. हवामानामुळे ते सॉल्ट लेक सिटीकडे वळवलं जातं. त्याच सुमाराला एका छोट्या बीचक्राफ्ट विमानाच्या चालकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि ते विमान थेट जंबोच्या कॉकपिटवर येऊन आदळतं. सहवैमानिक बाहेर फेकला जातो, फ्लाइट इंजिनीअर मरतो, कॅप्टनची दृष्टी जाते. स्वयंचलित यंत्रणेवर विमान पुढे जात राहतं आणि समोर वासाच पर्वतरांग आहे. मुख्य हवाईसुंदरी नॅन्सी प्रायर त्या फाटक्या कॉकपिटमध्ये जाऊन बसते. जमिनीवरून तिला सूचना देतो तो अ‍ॅलन मरडॉक, म्हणजे हेस्टन. हा अनुभवी वैमानिक तिचा प्रियकरही आहे, आणि चित्रपटाच्या सुरुवातीलाच दोघांचं बिनसलेलं आपण पाहिलेलं असतं.

या सगळ्याचं मूळ आर्थर हेली नावाच्या माणसाच्या एका दिवास्वप्नात आहे. मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग चाळत ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांना हेलींचं नाव सांगावं लागणार नाही. त्यांच्या जाडजूड कादंबऱ्या त्या ढिगांत हमखास असत. हेली मूळचे इंग्लंडमधल्या लूटनचे. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते आणि १९४७ साली कॅनडात गेले. तिथल्या एका विमानप्रवासात त्यांच्या मनात आलं, की दोन्ही वैमानिक एकदम आजारी पडले तर? आपल्याला हे विमान उतरवता येईल का? त्यातून १९५६ साली कॅनडाच्या सीबीसी दूरचित्रवाणीसाठी ‘फ्लाइट इंटू डेंजर’ हे नाटक लिहिलं गेलं. अन्नातून विषबाधा होते, वैमानिक कोसळतात, आणि युद्धात लढाऊ विमान चालवलेला एक प्रवासी रेडिओवरच्या सूचना ऐकत विमान उतरवतो. पुढच्याच वर्षी हॉलिवूडने त्यावर ‘झीरो अवर!’ हा चित्रपट केला. नायक होते डेना अँड्र्यूज. हे नाव ध्यानात असू द्यावं.

१९६८ साली हेलींची ‘एअरपोर्ट’ ही कादंबरी आली आणि १९७० साली तिच्यावरचा चित्रपट. बर्फाचं वादळ, धावपट्टीवर रुतून बसलेलं विमान, बाँब घेऊन चढलेला हताश माणूस, फुकट प्रवास करणारी लबाड म्हातारी. सुमारे एक कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने दहा कोटींचा गल्ला केला, ऑस्करची दहा नामांकनं मिळवली आणि म्हातारीच्या भूमिकेसाठी हेलन हेज यांना सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. त्यातले नायक बर्ट लँकेस्टर यांनी मात्र याच चित्रपटाला जाहीरपणे रद्दी म्हटलं. समीक्षक नाकं मुरडतात, नटही कबूल करतात आणि लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहतात, हा या मालिकेचा रिवाज पहिल्याच भागात पडला.

१९७४च्या शरद ऋतूत अमेरिकेत आपत्तीपटांची लाट आली. ऑक्टोबरात ‘एअरपोर्ट १९७५’, नोव्हेंबरात ‘अर्थक्वेक’, डिसेंबरात ‘द टॉवरिंग इन्फर्नो’. त्यांतल्या पहिल्या दोन्हींत हेस्टन आणि जॉर्ज केनेडी आहेत. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला होता आणि आदल्या वर्षीच्या तेलसंकटाने पेट्रोलच्या रांगा दाखवल्या होत्या. सगळं कोसळत असताना एखादा खमका माणूस येऊन सूत्रं हाती घेतो, हे पडद्यावर पाहायला त्या प्रेक्षकाला आवडलं असेल तर नवल नाही. ‘द न्यू यॉर्कर’मध्ये पॉलीन केल यांनी ‘एअरपोर्ट १९७५’ला झोडपलं. लोकांनी त्याला वर्षातल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांमध्ये नेऊन बसवलं. खर्च पहिल्या ‘एअरपोर्ट’च्या निम्म्याहूनही कमी, आणि अमेरिकेतलीच कमाई साडेचार कोटी डॉलरच्या पुढे.

लोकांनी पैसे दिले त्यात जंबोचा वाटा मोठा होता. बोइंग ७४७ प्रवासी घेऊन उडायला लागलं ते जानेवारी १९७०मध्ये. पहिल्या चित्रपटातलं ७०७ त्याच्या शेजारी लहान वाटावं एवढं हे धूड. आपल्याकडे एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘सम्राट अशोक’, १९७१ साली आलं. जंबोच्या वरच्या मजल्यावर बसायला दिवाणखाना आहे, गोल जिना चढून तिथे जातात, ही त्या काळी घरोघरी सांगायची गोष्ट होती. चित्रपटासाठी अमेरिकन एअरलाइन्सचं खरं ७४७ रंग बदलून वापरलं आणि ते खरोखर डोंगरांवरून उडवून हवेतून चित्रित केलं. कॉकपिटला भगदाड पडलेलं दिसतं ते अर्थातच छायाचित्रणातल्या करामतीने. पण बर्फाळ कड्यांना जवळजवळ घासून जाणारं ते विमान खरं आहे, खाली सरकणारी सावली खरी आहे. संगणकाने काढलेल्या विमानांची सवय झालेल्या आजच्या डोळ्यालाही त्या दृश्यांतलं वजन जाणवतं. चित्रपटाची टिंगल करणारेही इथे थांबून दाद देतात, आणि ती दाद रास्त आहे. युनिव्हर्सललाही त्या दृश्यांचं मोल कळत होतं. १९७८ साली ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात त्यांनी तीच दृश्यं पुन्हा वापरली.

टिंगल होते ती प्रवाशांची. या विमानात बसवलेली माणसं पाहिली की पात्रयोजना करणाऱ्याच्या धाडसाचं मला मनापासून कौतुक वाटतं. ग्लोरिया स्वान्सन आहेत आणि त्या ग्लोरिया स्वान्सनच झाल्या आहेत. मूकपटांच्या काळातली ही सम्राज्ञी विमानात बसून आत्मचरित्र सांगते आहे. पडद्यावरची ही त्यांची शेवटची भूमिका. मर्ना लॉय आहेत. सिड सीझर आहेत. आजारी मुलीच्या आईच्या भूमिकेत नॅन्सी ओल्सन आहेत, ज्यांनी १९५०च्या ‘सनसेट बूलेव्हार्ड’मध्ये स्वान्सन यांच्याबरोबर काम केलं होतं. आणि जंबोवर येऊन आदळणाऱ्या छोट्या विमानाचे चालक आहेत डेना अँड्र्यूज, ‘झीरो अवर!’मध्ये सगळ्यांचे प्राण वाचवणारा नायक. जंबोचे कॅप्टन एफ्रेम झिंबलिस्ट ज्युनियर. या दोघांनी १९६०च्या ‘द क्राउडेड स्काय’मध्येही हवेत टक्कर घेतली होती. तेव्हा अँड्र्यूज मोठ्या विमानाचे कॅप्टन होते आणि झिंबलिस्ट लहान विमानात. चौदा वर्षांनी दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल केली. जुन्या चित्रपटांत मुरलेल्या प्रेक्षकाला अशा जागा सापडल्या की तो सुखावतो, आणि ‘एअरपोर्ट १९७५’ वाईट आहे म्हणणारेही तो पुन्हा पुन्हा का पाहतात याचं एक उत्तर मला इथे मिळतं.

आजारी मुलगी म्हणजे लिंडा ब्लेअर. डिसेंबर १९७३मध्ये ‘द एक्झॉर्सिस्ट’ प्रदर्शित झाला होता. सैतानाने झपाटलेल्या त्या मुलीने आख्ख्या अमेरिकेची झोप उडवली होती, आणि वर्षभराच्या आत तोच चेहरा पांघरुणातून गोड हसत देवभोळ्या ननकडे पाहतो आहे. थिएटरात बसलेल्या कुणाला मागचं विसरता येणार होतं? नन झाल्या होत्या ऑस्ट्रेलियन गायिका हेलन रेड्डी. ‘आय अ‍ॅम वुमन’ हे त्यांचं गाणं १९७२च्या अखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं आणि स्त्रीमुक्ती चळवळीने ते आपलं गीत मानलं होतं. ती गायिका या विमानात ननच्या वेशात, एका लहान मुलीसमोर गिटारवर शांत गाणं म्हणते.

हे दृश्य पाश्चात्त्य प्रेक्षकांच्या थट्टेचं पहिलं लक्ष्य. पण हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाने या दृश्याला हसण्याआधी थोडं थांबावं असं मला वाटतं. रवी चोप्रा यांचा ‘द बर्निंग ट्रेन’ आठवावा. तो १९८० सालचा. दिल्लीहून मुंबईला निघालेली सुपर एक्स्प्रेस, ब्रेक निकामी, डब्यांना आग, आणि त्या गाडीत सिमी गरेवाल यांनी साकारलेली शिक्षिका शाळेच्या मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेते. राहुल देव बर्मन यांची ती चाल लागली की आपल्याकडे कुणी हसत नाही. संकटात माणसं गातात ही गोष्ट आपण लहानपणापासून पडद्यावर स्वीकारलेली आहे, घरातही स्वीकारलेली आहे. नट-नट्यांचा तसाच ताफा, तीच आपत्ती, तोच भाबडेपणा. पण एका देशात त्याला वेडगळ म्हणून हसतात आणि दुसऱ्या देशात त्याने डोळे ओले होतात. ननचं ते गाणं मला रटाळ वाटतं, कारण ते गोष्टीला पुढे नेत नाही. विमानात गाणं म्हटलं म्हणून ते हास्यास्पद ठरत नाही.

सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली ‘कॅम्प’ या अभिरुचीवर जे टिपण लिहिलं, त्यातली एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते. खरा कॅम्प भाबडा असतो. जे जीव ओतून, गंभीरपणे करायला घेतलं आणि आवाक्याबाहेर गेलं, ते पाहताना होणारा आनंद वेगळाच असतो. आणि जे मुद्दाम हसवण्यासाठी वाईट केलेलं असतं त्यात तो आनंद नसतो. ‘एअरपोर्ट १९७५’मध्ये डोळा मारणारं कुणी नाही. हेस्टन प्रत्येक वाक्य असं उच्चारतात जणू ते अजूनही ‘द टेन कमांडमेंट्स’मधले मोझेस आहेत. पहिल्या प्रेक्षकांनी त्या गांभीर्याला गांभीर्यानेच उत्तर दिलं, ते घाबरले. हळूहळू हसण्याचा सूर वर येत गेला. १९७८ साली हॅरी मेडव्हेड या कोवळ्या वयाच्या लेखकाने एका सहलेखकाबरोबर ‘द फिफ्टी वर्स्ट फिल्म्स ऑफ ऑल टाइम’ हे पुस्तक काढलं, त्यातल्या पन्नासांत ‘एअरपोर्ट १९७५’ होता. पुस्तकात वाचकांना त्यांच्या मते सर्वांत वाईट चित्रपट कळवायला सांगितलं होतं. वाईट चित्रपटांवर प्रेम करणाऱ्या, त्यांच्या याद्या करणाऱ्या, मतं देणाऱ्या प्रेक्षकांचा एक समाज तिथून आकाराला येत गेला.

त्या समाजाने एका बाबतीत मात्र अन्याय केला, आणि तो कॅरेन ब्लॅक यांच्यावर. नॅन्सीच्या भूमिकेतल्या त्यांच्या विस्फारलेल्या, एकमेकांच्या जवळ असलेल्या डोळ्यांवरून वर्षानुवर्षं विनोद झाले. ही बाई साधी नटी नव्हती. ‘फाइव्ह ईझी पीसेस’साठी त्यांना १९७०च्या चित्रपटांतून ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. पुढे रॉबर्ट ऑल्टमन यांनी त्यांना ‘नॅशव्हिल’मध्ये घेतलं आणि आल्फ्रेड हिचकॉक यांनी आपल्या शेवटच्या चित्रपटात, ‘फॅमिली प्लॉट’मध्ये. २०१३ साली त्या गेल्या. ‘एअरपोर्ट १९७५’ आज पुन्हा पाहताना माझं लक्ष सर्वांत जास्त त्यांच्यावर राहतं. वाऱ्याच्या झोताने केस तोंडावर येताहेत, शेजारी जखमी कॅप्टन, मागे शेकडो प्रवासी, कानावर सूचना, आणि रेडिओ मध्येच बंद पडतो. ब्लॅक यांनी ही भीती अंगभर दाखवली आहे. तिचा आवाज चिरकतो, हात थरथरतात. कॉकपिटला भोक पडलेल्या विमानात दुसरं काय होणार? भोवतीचे पुरुष नट शांत, घडीव चेहऱ्याने वावरतात, आणि या चित्रपटात खरोखर घाबरलेली अशी ती एकटीच दिसते. प्रेक्षक हसतात ते खरेपणाला, कारण बाकीच्या चित्रपटात तो कुठे भेटत नाही.

तिच्याशी बोलण्याची रीत हा आजच्या प्रेक्षकांचा मोठा आक्षेप आहे आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. मरडॉक तिला जीव वाचवण्याच्या सूचना देताना लाडीगोडीच्या हाका मारत राहतो, जणू रुसलेल्या प्रेयसीला समजावतोय. विमानातले अधिकारी उड्डाणापूर्वी हवाईसुंदऱ्यांशी जी सलगी करतात ती विनोद म्हणून दाखवली आहे. पण हे चित्रपटाने हवेतून आणलेलं नव्हतं. १९७१ साली नॅशनल एअरलाइन्सच्या जाहिरातीत एक हसरी हवाईसुंदरी स्वतःचं नाव सांगून ‘मला उडवा’ म्हणत असे. कंपन्या मुलींचे चेहरे दाखवून तिकिटं विकत होत्या. याविरुद्ध १९७२ साली हवाईसुंदऱ्यांनी ‘स्ट्युअर्डेसेस फॉर विमेन्स राइट्स’ ही संघटना उभी केली. अमेरिकेतल्या मोठ्या प्रवासी विमान कंपनीने नव्या काळात पहिल्या महिला वैमानिकाला, एमिली हॉवेल यांना, नोकरीवर घेतलं ते जानेवारी १९७३मध्ये. म्हणजे ‘एअरपोर्ट १९७५’ थिएटरात आला तेव्हा कॉकपिटमध्ये बाई ही गोष्ट अमेरिकेत दीड-पावणेदोन वर्षांची होती. तो हादरलेला प्रश्न त्या प्रेक्षकाच्या मनातलाच होता.

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या नियमांनुसार हवाईसुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्यावर. यांतलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर मुदत वाढवायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. पुरुष कर्मचाऱ्यांना हे लागू नव्हतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे न्यायालयात नेलं आणि ऑगस्ट १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गरोदरपणाची अट रद्द झाली, संचालकांची बेलगाम मर्जीही रद्द झाली, पण चार वर्षांतल्या लग्नाची अट न्यायालयाने उचलून धरली. हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. नॅन्सी प्रायर ज्या व्यवसायात होती त्याकडे जग कसं पाहत होतं हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने चित्रपटाच्या शेजारी तो निकाल ठेवून वाचावा. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९८५ साली, इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानाने कोलकात्याहून सिलचरकडे उड्डाण केलं ते कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या हुकमतीखाली. सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता.

विमान क्षेत्रातली माणसं हा चित्रपट पाहतात तेव्हा वेगळंच बोलतात. पहिला सवाल हा, की असं घडू शकतं का? टक्कर घडू शकते, आणि घडलेली आहे. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोवर पीएसए कंपनीचं ७२७ एका छोट्या सेस्नाला धडकलं आणि जमिनीवरच्यांसह १४४ माणसं मेली. लहान विमानाशी टक्कर झाल्यावर मोठं विमान निमूट सरळ उडत राहील ही चित्रपटाची सवलत आहे. कॉकपिट उघडं पडल्यावर काय होतं याचं उत्तर १० जून १९९० रोजी इंग्लंडच्या आकाशात मिळालं. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच उडाली, कारण ती बसवताना चुकीच्या मापाचे बोल्ट लावले होते. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. एका स्ट्युअर्डने त्यांचे पाय धरून ठेवले, इतरांनी नंतर हातभार लावला, आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसुद्धा वाचले. ही हकिगत पटकथेत लिहिली असती तर प्रेक्षक अतिशयोक्ती म्हणून हसले असते.

आणि हेलिऑस. १४ ऑगस्ट २००५. सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या ७३७मध्ये हवेचा दाब राखणारी यंत्रणा चुकीच्या स्थितीत राहिली आणि प्राणवायूअभावी वैमानिक आणि जवळपास सगळे प्रवासी बेशुद्ध झाले. विमान स्वयंचलित यंत्रणेवर अथेन्सच्या आसमंतात घिरट्या घालत राहिलं. पाहणीला गेलेल्या ग्रीक हवाई दलाच्या एफ-१६च्या वैमानिकाला शेवटी शेवटी कॉकपिटमध्ये एक माणूस येऊन बसलेला दिसला. तो केबिन कर्मचारी होता. वैमानिकाचा परवाना मिळवलेला, पण एवढं मोठं विमान चालवण्याचं प्रशिक्षण नसलेला. त्याच्या हाती काही मिनिटं आली. इंधन संपलं, इंजिनं बंद पडली, विमान डोंगरावर आदळलं. १२१ माणसं गेली. ‘एअरपोर्ट १९७५’मध्येही हवाई दलाची विमानं जवळ येऊन आत डोकावतात आणि त्यांना नॅन्सी दिसते. हेलिऑसचा अहवाल वाचल्यापासून मला ते दृश्य पाहताना हसू येत नाही.

दोराला लोंबकळून जंबोत उतरण्याच्या प्रकाराबद्दल जाणकार म्हणतात, की ते जवळजवळ अशक्य. हेलिकॉप्टरचा कमाल वेग आणि जंबोला हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग यांचं गणित जमणंच फार कठीण. चित्रपट मात्र हे दृश्य दोनदा दाखवतो. पहिला, हवाई दलाचा माणूस, भोकाशी पोचल्यावर सुटून खाली पडतो. दुसऱ्या खेपेला मरडॉक स्वतः उतरतो. हा भाग लांबलेला आहे, आणि तरी तो टिकतो, कारण पहिल्याचा मृत्यू अनपेक्षित आहे.

मालिकेचे पुढचे दोन भाग पटकन उरकता येतात. ‘एअरपोर्ट ७७’मध्ये जंबो बर्म्युडा त्रिकोणात समुद्राच्या तळाशी जातं. ‘द कॉन्कॉर्ड... एअरपोर्ट ७९’मध्ये जॉर्ज केनेडी कॉकपिटची खिडकी उघडून हाताने फ्लेअर झाडतात आणि क्षेपणास्त्राची दिशा चुकवतात. त्या चित्रपटात वापरलेलं एअर फ्रान्सचं कॉन्कॉर्ड हे तेच, जे २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ गोनेस इथे पेट घेऊन कोसळलं. ११३ माणसं मेली. हे माहीत झाल्यावर तो चित्रपट मजा म्हणून पाहणं मला जड जातं.

१९८० साली ‘एअरप्लेन!’ आला आणि सगळ्या मालिकेकडे पाहण्याची नजरच बदलली. जिम एब्रहॅम्स, डेव्हिड झुकर आणि जेरी झुकर या तिघांना रात्री उशिराच्या दूरचित्रवाणीवर ‘झीरो अवर!’ सापडला. तो इतका गंभीर होता की तिघांनी त्याचे हक्कच विकत घेतले, सुमारे अडीच हजार डॉलरला, आणि त्यातली वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी घेऊन विडंबन उभं केलं. लेस्ली नीलसन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज हे गंभीर भूमिकांत मुरलेले नट त्यांनी हट्टाने घेतले आणि त्यांना गंभीरच राहायला सांगितलं. ननची गिटार तिथेही आहे, आजारी मुलगीही आहे. फरक इतकाच की गाणं रंगात आल्यावर गिटारचा दांडा मुलीच्या सलाइनच्या नळीला लागतो. चित्रपटाने अमेरिकेत आठ कोटी डॉलरहून अधिक कमावले. आजचे बहुतेक तरुण प्रेक्षक ‘एअरप्लेन!’ आधी पाहतात आणि ‘एअरपोर्ट १९७५’ नंतर. ते हसतात ते आठवणीने हसतात. विडंबन आधी पोचलं की मूळ कृतीला सरळपणे भेटणं जवळपास अशक्य होतं, आणि हे नुकसान मी खरं नुकसान मानतो.

हेलींच्या मूळ कल्पनेत जागा ठरलेल्या होत्या. पुरुष सुकाणूवर, शेजारच्या खुर्चीत बाई, रेडिओ सांभाळायला. ‘झीरो अवर!’मध्ये तेच, ‘एअरप्लेन!’मध्येही तेच. ‘एअरपोर्ट १९७५’ने ही मांडणी बराच वेळ उलटी ठेवली. पर्वतरांग समोर आली तेव्हा विमान वर नेलं ते नॅन्सीने. रेडिओ बंद असताना एकटीने निर्णय घेतले ते तिने. शेकडो माणसं जिवंत राहिली ती मरडॉक पोचण्याआधी. आणि मग चित्रपटाचा धीर सुटतो. दोर, हेलिकॉप्टर, दोन उड्या, एक मृत्यू, हा सगळा खटाटोप फक्त तिच्या हातातून सुकाणू काढून घेण्यासाठी केलेला आहे. आजच्या प्रेक्षकांमध्ये यावरून दोन तट दिसतात. चित्रपट तिला बावळट दाखवतो, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, ती करते ते पाहा, बाकीचे तिच्याबद्दल बोलतात ते सोडून द्या. मी दुसऱ्या गटात आहे. पण पहिल्या गटाला मी एक गोष्ट आणखी देईन. ‘फ्लाइट इंटू डेंजर’ आलं त्याच वर्षी, १९५६ साली, हॉलिवूडमध्ये ‘जूली’ नावाचा चित्रपट आला होता. त्यात डॉरिस डे हवाईसुंदरी आहेत. वैमानिक निकामी होतात, जमिनीवरून सूचना मिळतात, आणि त्या विमान स्वतः उतरवतात. दोर टाकून कुणी येत नाही. अठरा वर्षांनी, रस्त्यावर स्त्रीमुक्तीचे मोर्चे निघत असताना, त्याच हॉलिवूडला ते झेपलं नाही. १९९७च्या ‘टर्ब्युलन्स’मध्ये लॉरेन हॉली यांच्या नायिकेने रेडिओवरच्या सूचना ऐकत ७४७ लॉस एंजेलिसला आणलं, तेव्हा तो चित्रपट पाहायला थिएटरात फारसं कुणी गेलं नाही.